साखर कोण करणार, कारखाना की आपण?

बार्लीच्या दाण्यात साखर जवळजवळ नसतेच. असतो तो स्टार्च, आणि बिअरच्या यीस्टला स्टार्च पचत नाही. तरीही हजारो वर्षं बार्लीपासून बिअर होत आली आहे, कारण स्टार्च फोडायची हत्यारं दाणा स्वतःच घडवतो. मोड येताना कोंबाला साखर हवी असते, म्हणून दाण्यात एन्झाइम तयार होतात. नेमक्या त्या वेळी दाणा हळूहळू वाळवून वाढ थांबवली की झाला माल्ट. स्टार्च बराचसा शिल्लक आणि तो फोडणारे एन्झाइमही शाबूत! मोड आणलेल्या नाचणीचं थोडं पीठ घातलं की घट्ट पेज पातळ होते, ती याच एन्झाइमांची करामत. १८३३ साली पायें आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला आणि एन्झाइमांच्या अभ्यासाची वाट खुली झाली.

पहिल्यांदा घरी बिअर करणाऱ्यापुढे तीन-चार पद्धती येतात आणि तो गोंधळतो. खरा प्रश्न एकच आहे, स्टार्चची साखर कुठे होणार?

माल्ट एक्स्ट्रॅक्ट घेतलं तर ते काम कारखान्यात उरकलेलं असतं. डब्यातला दाट पाक पाण्यात मिसळायचा, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं. मधली वाट म्हणजे एक्स्ट्रॅक्टच्या जोडीला थोडा माल्ट स्वतः भिजवणं. निव्वळ धान्यापासून करायची तर पूर्वी दोन-तीन मोठी भांडी लागायची. ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी त्यावर सुरेख तोडगा काढला. माल्ट जाळीच्या कापडी पिशवीत घालायचा आणि सगळं एकाच पातेल्यात करायचं.

पहिल्या बिअरसाठी माझं मत या पिशवीला, तेही चार-साडेचार लिटरच्या छोट्या घाण्याला. किलोभर भरडलेला माल्ट आणि साडेसहा लिटर पाणी पुरतं. माल्ट घातल्यावर तापमान ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास यायला हवं. मग पातेलं जाड पांघरुणात गुंडाळून तासभर ठेवायचं. आत दोन एन्झाइम कामाला लागतात. एक स्टार्चची लांब साखळी मधूनच कुठेही तोडतो, दुसरा टोकापासून ग्लुकोजच्या जोड्या सोडवतो. ती जोडी म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य.

हे घडताना दिसतंसुद्धा. सुरुवातीलाच चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाका. शाळेतल्या बटाट्यासारखा गडद निळा-काळा रंग येईल. तासाभराने नवा नमुना घेऊन पुन्हा टाका. आयोडीन आपल्या तपकिरी रंगातच राहतं. स्टार्च संपला! नमुने फेकून द्या, पण पातेल्यातला रस जरूर चाखा. तासापूर्वीचं पिठूळ पाणी आता लख्ख गोड लागतं.

पिशवी निथळून बाहेर काढली की पुढची वाट सगळ्या पद्धतींत सारखीच. हॉप्ससह तासभर उकळी, मग विशीतल्या तापमानापर्यंत झटपट गार करणं, यीस्ट, आणि दोनेक आठवडे धीर. उकळीनंतर रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, कारण तो गोडवा जंतूंनाही तितकाच हवासा असतो.

कायदा मात्र आधी पाहा. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्रीय कर उठला. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. जिथे मुभा आहे तिथल्या वाचकांनीच पातेलं चढवावं.

एक्स्ट्रॅक्टने बिअर सोपी होते आणि चांगलीही होते. पण ६३ अंशांवर हलकी, कोरडी आणि ६९ वर भरदार बिअर का होते, हे फक्त धान्य शिजवणाऱ्यालाच अनुभवता येतं. म्हणून दुसऱ्या खेपेला माल्ट, हॉप्स, यीस्ट तेच ठेवा आणि एवढे अंश तेवढे बदला. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की त्या दोन एन्झाइमांची ओळख जिभेलाच पटेल.