ड्रेस्डेनच्या दफ्तराच्या किल्ल्या

ड्रेस्डेनला आलेला प्रवासी फ्राउएनकिर्शेचा घुमट पाहतो, झ्विंगरच्या अंगणात फिरतो, राजवाड्यातला रत्नांचा खजिना बघतो आणि संध्याकाळी प्रागची गाडी पकडतो. एल्बे ओलांडून नॉयश्टाटातल्या आर्किव्हश्ट्रासेकडे सहसा कोणी वळत नाही. इथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका मराठी मुलाला विचारलं, तर त्यालाही तो रस्ता ठाऊक नव्हता. तिथे १८३४ साली स्थापन झालेला सॅक्सनीचा मुख्य दफ्तरखाना आहे. पेशवे दफ्तराचं नाव काढताच ज्यांचे डोळे चमकतात, त्यांनी तरी ही वाट चुकवू नये.

या कागदांवर जीव लावणारा एक माणूस ड्रेस्डेनमध्येच १८१९ साली जन्मला. काउंट कार्ल फ्रीडरिश फिट्झटूम फॉन एक्श्टेट. बर्लिन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग करत तो १८५३ मध्ये सॅक्सनीचा वकील म्हणून लंडनला गेला. त्याच्या आठवणींचे खंड अभ्यासक आजही चाळतात. मला मात्र त्याचं १८६६ चं पुस्तक मोलाचं वाटतं. सॅक्सन मंत्रिमंडळाच्या १७४५ ते १७५६ या काळातल्या गुपितांवरचं.

त्या गुपितांच्या मुळाशी आहे मेंत्सेल नावाचा कारकून. कर्जात बुडालेला. प्रशियाच्या वकिलाने त्याला पैशाने फोडलं, दफ्तराच्या कपाटांच्या बनावट किल्ल्या पोट्सडामहून करून आणल्या, आणि व्हिएन्ना-पीटर्सबर्गच्या गुप्त खलित्यांच्या नकला फ्रेडरिक राजाच्या मेजावर पोचू लागल्या. सप्टेंबर १७५६ मध्ये प्रशियाची फौज ड्रेस्डेनात शिरली, तेव्हा अस्सल कागद हस्तगत करणं हाही एक हेतू होता. राणी मारिया योझेफा दफ्तराच्या दाराला पाठ लावून उभी राहिली, असं सांगतात. दार उघडलंच. नेमके कागद निवडून फ्रेडरिकने ते जगापुढे मांडले: कट सॅक्सनीचाच होता, मी फक्त आधी वार केला.

शंभर वर्षांनी फिट्झटूमने उलट बाजू मांडली. आपल्या राज्याची आणि तेव्हाच्या सॅक्सन मंत्र्याची, ब्र्युलची, त्याने जरा जास्तच पाठराखण केली आहे, पण कागद पुढे ठेवून. आणि त्याच १८६६ साली प्रशियाचं सैन्य पुन्हा ड्रेस्डेनात आलं! पुढे तो ऑस्ट्रियाच्या चाकरीत गेला, आणि १८९५ मध्ये पॅरिसला वारला.

मेंत्सेल पकडला गेला आणि केनिगश्टाइनच्या गडावर १७९६ मध्ये कैदेतच मेला. एल्बेकाठच्या त्या गडावर वाटाड्याने दीडशे मीटरहून खोल विहिरीचं कौतुक भरभरून सांगितलं. मेंत्सेलची गोष्ट मात्र मी विचारल्यावरच निघाली. इकडे ड्रेस्डेनात १९४५ च्या आगीत जळालेला राजवाडा लोकांनी केवढ्या कष्टाने पुन्हा उभा केला. राणीच्या त्या दाराबद्दल आणि फिट्झटूमबद्दल तिथे दोन ओळींचा फलक मला तरी दिसला नाही. तो लागायला हवा.