एकच वाफ, तीनदा काम!

चल, एक कोडं सोडव. आधी बोट तयार होते, की तिचं इंजिन?

“दोन्ही बरोबरच!” असंच म्हणशील ना? पण या बोटीची गंमत ऐक. बोट १९२२ सालची आणि तिच्या पोटातलं इंजिन १८९८ सालचं! बोट तयार झाली, तेव्हा तिचं इंजिन चक्क चोवीस वर्षांचं होतं!

हे कसं झालं? बोटीचं नाव आहे ‘व्हर्जिनिया फाइव्ह’. म्हणजे पाचवी व्हर्जिनिया. हे इंजिन आधी चौथ्या व्हर्जिनियात होतं. तिच्यातून काढलं आणि नव्या बोटीत बसवलं. ठणठणीत होतं की, फेकायचं कशाला?

व्हर्जिनिया फाइव्ह असते अमेरिकेत, सिअ‍ॅटल शहरात. चांगली सव्वाशे फूट लांब आहे. आणि बांधलीय कशाची माहितीये? लाकडाची!

सिअ‍ॅटलजवळ समुद्र जमिनीत खोलवर घुसलाय. जिकडेतिकडे खाड्या आणि बेटं! शंभर वर्षांपूर्वी तिथे धड रस्ते नव्हते. शेजारच्या गावाला जायचं तरी वाफेची बोट पकडायची. अशा छोट्या बोटींची तिथे नुसती गर्दी! म्हणून लोक त्यांना म्हणायचे, ‘डासांचा ताफा’. (घाबरू नकोस, चावायच्या नाहीत!)

आपली व्हर्जिनिया सिअ‍ॅटलहून टॅकोमाला जायची. वाटेत बोट लावायचे धक्के यायचे. इथे थांब, तिथे थांब! माणसं चढायची, उतरायची. त्यांच्यासोबत सामानसुमान आणि शेतातला माल. पण सगळ्यात मजेदार प्रवासी कोण, ओळख! उन्हाळी शिबिराला निघालेल्या मुली! व्हॅशन नावाच्या बेटावर त्यांचं शिबिर भरायचं. किती वर्षं ही बोट त्यांना तिकडे न्यायची. काय कलकलाट होत असेल बोटीवर!

एकदा मात्र जिवावर बेतलं. १९३४ सालचा ऑक्टोबर महिना. ओलाला गावाच्या धक्क्याला बोट लागली होती आणि आलं वादळ! वाऱ्यानं तिला धक्क्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, आपटतच राहिला. वरचे मजले पार मोडले. पण लोकांनी ती दुरुस्त केली आणि स्वारी परत कामावर!

वादळाला ती पुरून उरली. पण मोटारींपुढे तिचं काय चालणार? रस्ते झाले. मोटारीच पोटात घेऊन जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटी आल्या. वाफेच्या छोट्या बोटी एकेक करत गेल्या. त्या सगळ्या ताफ्यातली आज वाफेवर चालणारी ही एकटीच उरलीय! रोजच्या फेऱ्या बंद झाल्यावर ती लोकांना सहलीला न्यायला लागली. १९९२ मध्ये तर तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा मान मिळाला.

आता चल तिच्या इंजिनाकडे. मला विचारशील तर खरी जादू तिथेच आहे!

कप्तान असतो वर, इंजिन खाली. इंजिनवाल्याला बाहेरचं काही दिसत नाही. धक्का आला की नाही, त्याला काय कळणार? म्हणून अशा बोटींवर कप्तान वरून दोरी ओढून घंटा वाजवायचा. पुढे, मागे, थांब, जोरात. प्रत्येकाची घंटा ठरलेली. आणि मागे जायचं म्हणजे काय? आख्खं इंजिन थांबवायचं आणि उलटं फिरवायचं!

या इंजिनात तीन सिलिंडर आहेत. सिलिंडर म्हणजे जाडजूड लोखंडी नळकांडं. त्याच्या आत वरखाली सरकणारा दट्ट्या. एक सिलिंडर लहान, एक मध्यम, एक भलंमोठं.

तू रसवंतीत ऊस पिळताना पाहिलायस? काका ऊस चरकात घालतात, रस निघतो. मग चिपाड लगेच फेकतात का? छे! दुमडून परत घालतात. परत रस! मग पुन्हा एकदा!

हे इंजिन वाफेला अगदी तसंच पिळतं. बॉयलरमध्ये पाणी उकळून वाफ होते. ती येते आधी लहान सिलिंडरमध्ये. दट्ट्याला ढकलते. तिथून निघते, ती मधल्या सिलिंडरमध्ये. पुन्हा ढकलाढकली! मग मोठ्या सिलिंडरमध्ये. एकच वाफ, काम तीनदा!

पण थांब. दर वेळी वाफेचा जोर कमी होतो. मग पुढचं सिलिंडर मोठं कशाला? अरे, त्यातच तर हुशारी आहे! मोठ्या सिलिंडरचा दट्ट्या रुंद असतो. वाफेला ढकलायला जागा जास्त मिळते. म्हणून दमलेली वाफसुद्धा मोठं काम करून जाते. सगळं मिळून किती ताकद? चारशे घोड्यांची!

आणि तीनदा पिळून झाल्यावर वाफेला सुट्टी? कुठली सुट्टी! तिला थंड करतात. तिचं पाणी होतं. ते पाणी जातं परत बॉयलरमध्ये आणि त्याची होते नवी वाफ. चिपाडाचा पुन्हा ऊसच झाला की!