गुडघा दुखावला, दवाखान्यात जावे की घरीच बसावे?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन आटोपून आम्ही रात्री घरी परतत होतो. पावसाची रिपरिप चालू होती. चाळीच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि डावा गुडघा मुरगळून आम्ही तिथेच बसलो. पाच मिनिटांत अर्धी चाळ गोळा झाली. आईने हळद-चुन्याचा लेप सांगितला. शेजारचे काका म्हणाले, हाडवैद्याकडे नेऊ, एका झटक्यात बसवील. पाळी संपवून आलेला लूमवरचा एक तरुण म्हणाला, "भाऊ, मेडिकलमधून दोन गोळ्या घ्या, सकाळी कामावर जाल." आमच्या सौ.चे म्हणणे एकच, रिक्षा बोलवा आणि आत्ताच फोटो काढून घ्या.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी. कॉम. दुखत असतानाही मनात जमाखर्च मांडायची खोड जात नाही. रिक्षाचे भाडे, डॉक्टरांची फी, फोटोचे पैसे आणि उद्याची रजा. आमची रजा पगारी असते, म्हणून हिशेब सोपा. पण भिवंडीतल्या लूमवर कापड मीटरवर मोजले जाते. बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढायची, एकेकाने चार-सहा माग सांभाळायचे, आणि पाळी बुडाली की मजुरी बुडाली. गोदामातल्या हमालाचेही तेच. अशा घरात "दवाखान्यात जावे का?" हा प्रश्न गुडघ्याचा राहत नाही, चुलीचा होतो.

म्हणूनच आपल्या वस्तीत दोन्ही तऱ्हेच्या चुका होतात. गोदामात हमाली करणाऱ्या एका बांधवाचा गुडघा पिळवटला. त्याने तीन आठवडे गोळ्यांवर काढले. दुखणे दबले, पण गुडघा मध्येच अडकायचा, सरळ होईना. आणि तो त्याच पायावर गोण्या वाहत राहिला. सांध्यातली गादी फाटली होती, हे कळेपर्यंत प्रकरण शस्त्रक्रियेवर गेले. याउलट आमच्याच नात्यातल्या एका मुलाने साध्या मुरगळीसाठी उसने पैसे काढून महागड्या तपासण्या केल्या. निष्पन्न काय? विश्रांती घ्या. ते कर्ज दिवाळीपर्यंत फिटत होते.

हमाल बांधवाच्या प्रकरणानंतर आम्ही एका परिचित अस्थितज्ज्ञांना विचारले होते की, जावे कधी आणि थांबावे कधी, याला काही माप आहे की नाही? त्यांनी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९५ साली मांडलेला नियम समजावून दिला. तिथेही गुडघा दुखावून येणाऱ्या बहुतेकांचा एक्स-रे काढला जाई, आणि हाड मोडलेले निघे शंभरात सहा-सात जणांचे. मग फोटो कोणाचा काढावा, याची त्यांनी पाच लक्षणे ठरवली. वय ५५ किंवा त्याहून अधिक. गुडघ्याच्या इतर हाडांना नव्हे, फक्त वाटीला दाबले असता दुखणे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडे खाली, हाडाचा जो उंचवटा लागतो तिथे दाबले असता दुखणे. गुडघा काटकोनात न वाकणे. आणि पडल्यावर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे. लंगडत टाकली तरी ती पावले धरायची. पाचांतले एकही लक्षण असेल तर फोटो काढावा.

मात्र हा नियम मोठ्या माणसांसाठी, ताज्या दुखापतीसाठी आणि हाडापुरता आहे. हाडाखेरीज गुडघ्यात पुष्कळ काही असते. पडताना "कट्" असा आवाज झाला आणि दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तर आत रक्त साचल्याची आणि अस्थिबंध तुटल्याची शंका घ्यावी. गुडघा अडकतो, चालताना अचानक दगा देतो, वेडावाकडा दिसतो, पाऊल बधिर किंवा गार पडते, यांतले काहीही असले तरी घरी बसू नये. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला तर सकाळचीही वाट पाहू नये. सांध्यात पू झाला असेल तर एकेक दिवस महागात पडतो. खरचटले असेल तर साबण-पाण्याने स्वच्छ धुवावे आणि धनुर्वाताची सुई केव्हा घेतली होती ते आठवून पाहावे.

त्या रात्री आम्ही पायरीवर बसल्या बसल्याच हा पाढा म्हटला. भिंतीला धरून उठलो, चार पावले लंगडत टाकली. गुडघा काटकोनात वाकला. वाटी दाबली, बाहेरचा उंचवटा दाबला. दुखत होते ते आतल्या बाजूच्या मांसात. वय पन्नाशीच्या आतले. सौ.ला म्हटले, दोन दिवस पाहू. ती काही प्रसन्न झाली नाही.

घरचा उपाय साधाच होता. पाय उशीवर उंच ठेवला, क्रेप बँडेज बोटे बधिर होणार नाहीत इतपत आवळले, आणि मासळीवाल्याकडून आणलेला बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-पंधरा मिनिटे लावला. या बर्फाची एक गंमत आहे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा मंत्र १९७८ साली लिहून गाजवणारे अमेरिकेतले डॉ. मर्किन यांनी पुढे स्वतःच मत बदलले. बर्फाने दुखणे कमी होते, पण भरून येण्याला उशीरही लागू शकतो, असे ते सांगू लागले. म्हणून पहिल्या दिवशी थोडा लावावा, आठवडाभर लावत बसू नये. गरम शेक आणि मालिश मात्र पहिले दोन दिवस नकोच. आईला हे पटवण्यात अधिक श्रम पडले. मेडिकलमधल्या बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यांत काय असते ते घेणाऱ्याला कळत नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, आठवड्याने आम्ही कामावर गेलो. विहारात मांडी घालायला मात्र महिना लागला.

खर्चाच्या भीतीने जे थांबतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केले आहेत. आपल्या गावात त्यासाठी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. वेळ जातो हे खरे, पण केसपेपरला पैसे पडत नाहीत. दुसरी गोष्ट कामगार विम्याची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, प्रा. अदारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातून १९४८ चा कायदा आला. दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात नाव नोंदलेले असेल आणि कामावर इजा झाली, तर बरे होईपर्यंत मजुरीच्या सुमारे ९० टक्के भरपाईची तरतूद या योजनेत केलेली आहे. पण एकाच छपराखाली चार नावांनी लूम चालवून कामगारांचा आकडा दहाच्या आत ठेवण्याची युक्ती आपल्याकडे नवी नाही. तेव्हा आपले नाव आहे की नाही, हे गुडघा मोडण्याआधी विचारावे.

भाद्रपदात आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशी नळावर पडल्या. वय ५८, धागा कटिंगच्या कामाला जातात. आम्ही विचारपूस करायला गेलो तर उठून चालून दाखवू लागल्या. "भाऊ, चालते आहे ना मी? तुम्ही नाही घरीच बरे झालात?" चार काय, दहा पावले टाकली. पण वय पंचावन्नच्या पुढचे होते, आणि वाटीवर बोट टेकताच त्या कळवळल्या. आम्ही म्हटले, मावशी, आमचा न्याय तुम्हाला लागू नाही, आज खाडा झाला तरी चालेल. त्या ऐकेनात. शेवटी त्यांच्या सुनेने चप्पल पायात घातली आणि रिक्षा दारात आणली. सरकारी रुग्णालयात फोटो निघाला. वाटीला चीर होती, हाड सरकलेले नव्हते. सहा आठवडे पाय सरळ बांधून ठेवावा लागला, शस्त्रक्रिया टळली.

मजुरी बुडाली ती बुडालीच. महिला मंडळाच्या भगिनींनी पाळी लावून पाणी भरले, किराण्याची वर्गणी झाली; तिचा हिशेब आमच्याकडे होता. पट्टी सुटली तेव्हा मावशींनी पहिल्यांदा विचारले ते मांडी कधी घालता येईल ते नाही, कामावर कधी जाता येईल ते.