वर्दीतल्या माणसाचा शीण

सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर उभा असलेला पोलीस शिपाई नाशिककरांनी अनेकदा पाहिला आहे. त्याने भाविकांना दटावले तर आपण त्याला उद्धट म्हणतो. दटावले नाही आणि गर्दी लोटली तर निष्काळजी ठरवतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी सरदार चौकाच्या परिसरात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. गर्दी आवरण्याच्या कामात क्षणाची चूक किती महाग पडते, हे या शहराला निराळे सांगावयास नको. परंतु अशा जोखमीच्या जागी उभा असलेला माणूस आदल्या रात्री किती तास झोपला होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

साधा थकवा झोपेने जातो. वर्षानुवर्षे साचलेला शीण तसा जात नाही; त्यात मनच विझत जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेकडे लक्ष वेधले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तिची तीन अंगे सांगितली : भावनिक शक्ती आटणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही असे वाटू लागणे. फिर्याद घेऊन आलेल्या वृद्धेवर ठाण्यात कोणी खेकसतो, तेव्हा तो नेहमी उर्मटपणाच असतो असे नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या अंगाचे दर्शन असते. म्हणजे पोलिसाच्या शिणाची किंमत अखेर नागरिकच मोजतो.

एकाच ठाण्यातील दोन शिपाई सारख्याच बंदोबस्ताला सारखेच का शिणत नाहीत? याच्या उत्तरात स्वभावाचा वाटा आहेच. काळजीखोर, चटकन अस्वस्थ होणारा माणूस लवकर खचतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. परंतु स्वभावाइतकीच महत्त्वाची आहे ताणाला तोंड देण्याची रीत. रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मधील ग्रंथात अशा दोन रीती मांडल्या : अडचणच दूर करू पाहणे आणि अडचणीने उठलेली मनातील खळबळ शमवणे. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत. जे हाती आहे ते बदलावे. जे नाही त्याविषयी सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलावे. घातक ठरते ती पळवाट. पेला जवळ करणे, मूग गिळून बसणे किंवा ठाण्यातला राग घरी बायकामुलांवर काढणे, या सगळ्या पळवाटाच होत.

येथे मात्र एक धोका संभवतो. 'तुझा स्वभावच कच्चा' असे शिपायाला सांगून वरिष्ठांनी हात झटकणे फार सोपे आहे. १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे अठ्ठाविसावे कलम पोलिसाला सदैव कर्तव्यावर असल्याचे मानते. रजा, साप्ताहिक सुटी, पाळी यांपैकी काहीच ज्याच्या हाती नाही, त्याला अडचणीवर मात करण्याचा उपदेश पोकळ ठरतो. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, त्याची कल्पना एका शिपायाची होती. परंतु ती कागदावर राहिली नाही, याचे कारण तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली. शिपायाच्या सूज्ञपणाला वरिष्ठाचे कान लाभले, तरच त्याचे चीज होते.

या बाबतीत नाशिकची जबाबदारी विशेष आहे. १९०६ मध्ये पुण्यास सुरू झालेली आणि १९०९ मध्ये येथे आलेली पोलीस प्रशिक्षण संस्था आज महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून ओळखली जाते. ज्यांना जुनी माणसे अद्याप फौजदार म्हणतात, ते उपनिरीक्षक येथे घडतात आणि उद्या शिपायांना कामे नेमून देतात. शिणलेला माणूस ओळखणे आणि त्याला वेळीच विश्रांती देणे, या शिक्षणाला येथे कायदा व कवायतीच्या बरोबरीचे स्थान हवे. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद सेवापुस्तकात होणार नाही, अशी हमीही हवी. नाहीतर दुबळेपणाच्या शिक्क्याच्या भीतीने कोणी तिकडे फिरकणार नाही.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि पूल यांचा हिशेब मांडला जातो, ते योग्यच आहे. त्याच हिशेबात बंदोबस्तावरील माणसाची बदली केव्हा येईल, तो जेवेल कोठे आणि झोपेल कोठे, याचेही रकाने असले पाहिजेत. लाखोंना सांभाळणाऱ्याला कोणी सांभाळावयाचे, याचे उत्तर त्याच्या स्वभावावर सोपवून चालणार नाही.