निवासी रस्त्यांवरील राखीव वाहनजागा : दिव्यांगांचा हक्क आणि नागरिकांचे कर्तव्य

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील दिव्यांग व्यक्तींची संख्या २.६८ कोटी असून एकूण लोकसंख्येशी तिचे प्रमाण २.२१ टक्के आहे. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे दिव्यांगत्व चलनवलनाशी संबंधित आहे. दिव्यांगांसाठी शिक्षण, रोजगार व आरोग्य या क्षेत्रांत अनेक योजना राबविल्या जातात. तथापि, या सर्व योजनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते : लाभार्थी घराबाहेर पडून शाळा, कार्यालय वा रुग्णालयापर्यंत पोहोचू शकतो. प्रत्यक्षात कित्येकांचा प्रवास घराचा दरवाजा व वाहन यांमधील वीस-पंचवीस पावलांतच अडतो. म्हणूनच निवासी रस्त्यावर दिव्यांगांच्या वाहनासाठी राखून ठेवलेल्या जागेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी तो मूलतः संचारस्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

अधिक रुंद जागा कशासाठी?

सर्वसाधारण मोटारीसाठी सुमारे २.५ मीटर रुंदीची जागा पुरेशी मानली जाते. दिव्यांगांसाठीच्या जागेची रुंदी मात्र किमान ३.६ मीटर असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत नमूद आहे. ही जागा इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी, अशीही अपेक्षा आहे. वाढीव रुंदीमागील कारण सरळ आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीस मोटारीचे दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची आसनालगत आणावी लागते आणि मग शरीराचा भार एका आसनावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. शेजारचे वाहन अगदी खेटून उभे असल्यास ही क्रिया अशक्य होते. अशा जागेच्या कडेला आखलेला तिरप्या पट्ट्यांचा भाग म्हणजे मोकळी उरलेली जागा नव्हे. तो राखीव जागेचाच आवश्यक घटक होय.

रस्त्याच्या कडेस समांतर आखलेल्या जागेबाबत आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. परिणामी कडेला उभ्या केलेल्या मोटारीच्या चालकाचे दार रहदारीच्या बाजूस उघडते. दिव्यांग व्यक्ती स्वतः वाहन चालवीत असेल, तर तिला उतरताना धोका संभवतो. त्यामुळे जागा निवडताना रस्त्याची रुंदी, रहदारीचा वेग आणि पदपथावर चढण्यासाठी उतरण आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते. शिवाय भारतात मागील बाजूस दोन जादा चाके बसविलेल्या स्कूटरचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. दुचाकींच्या दाटीवाटीच्या रांगेत ती शिरू शकत नाही. केवळ मोटारीचा विचार करून आखलेली व्यवस्था म्हणूनच अपुरी पडते.

घटनात्मक व वैधानिक चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत दिव्यांगांना साहाय्य हा विषय ९ व्या क्रमांकावर आहे, तर यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत ३५ व्या क्रमांकावर आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत वाहनतळासह सार्वजनिक सुविधा, तसेच दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, हे दोन्ही विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आले. एका साध्या वाहनजागेत केंद्र, राज्य व स्थानिक संस्था या तिन्ही स्तरांची जबाबदारी कशी एकत्र येते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९९५ च्या दिव्यांगविषयक अधिनियमात पदपथांची उतरण, ध्वनिसंकेत व सार्वजनिक इमारतींतील उतरते मार्ग यांचा उल्लेख होता. वाहनजागेचा मात्र नव्हता. शिवाय या तरतुदी ‘आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत’ राहून करावयाच्या होत्या. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला व भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास अनुसमर्थन दिले. करारातील ९ वे कलम सुगम्यतेविषयी आहे. त्याच्या पूर्ततेसाठी झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. दिव्यांगत्वाचे प्रकार त्याने ७ वरून २१ वर नेले. वाजवी सोयी नाकारणे हाही भेदभावच होय, असे या कायद्याने स्पष्ट केले.

या अधिनियमाच्या कलम ४० अन्वये केंद्र सरकारने सुगम्यतेची मानके ठरवावयाची आहेत. कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ येथील वाहनजागांचा स्पष्ट उल्लेख आहे. मानकांचे पालन न करणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देऊ नये, असे कलम ४४ सांगते. उल्लंघनाबद्दल कलम ८९ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) हा केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांवर विसंबून असल्याने मूळ अधिनियमाशी विसंगत ठरतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. किमान मानके सक्तीची करणारे नियम तीन महिन्यांत तयार करावेत, असा आदेशही दिला.

निवासी रस्त्याची विशेष अडचण

वरील तरतुदींचा भर प्रामुख्याने सार्वजनिक इमारती व वाहतूक स्थानके यांवर आहे. निवासी गल्लीचा त्यांत नामनिर्देश नाही. अर्थात कलम ४१ मध्ये दिव्यांगांना सुलभ ठरतील अशा रस्त्यांचा समावेश असून, निवासी रस्त्यांसाठी त्याचा आधार घेता येतो. वाहने कोठे उभी करावीत हे ठरविण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य सरकारकडे किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेकडे आहे. मात्र स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करणे आवश्यक आहे. तात्पर्य, सार्वजनिक रस्त्यावरील जागा सक्षम यंत्रणेच्या निर्णयानेच राखीव होते. रहिवाशाने स्वतः रंगवलेला फलक वा फाटकासमोर ठेवलेल्या कुंड्या यांना कायद्याचे पाठबळ नसते, मग हेतू कितीही रास्त असो.

गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील स्थिती निराळी असते. तेथे जागावाटपाचा निर्णय संस्था घेते. बहुतेक वेळा तो सोडतीने किंवा ज्येष्ठताक्रमाने होतो. परंतु सर्वांना एकच नियम लावल्याने समानता साधतेच असे नाही. चालू न शकणाऱ्या सदस्याच्या वाट्याला आवाराच्या टोकाची जागा आली, तर त्याच्यापुरती सोडत निरर्थक ठरते. उद्वाहनालगतची एक जागा सोडतीबाहेर ठेवणे हा त्यावरील साधा व न्याय्य उपाय आहे.

ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याने दिव्यांग वाहनधारकांसाठी ओळखबिल्ल्याची पद्धत आणली. प्रारंभी नारिंगी असलेला हा बिल्ला २००० पासून निळा झाला. तो वाहनास नव्हे, तर व्यक्तीस दिला जातो. त्यामुळे ती व्यक्ती ज्या वाहनातून प्रवास करील त्यास सवलत मिळते. निवासी रस्त्यांवर स्थानिक संस्था दिव्यांग रहिवाशाच्या अर्जावरून घराजवळ जागा आखून देतात. त्यांतील काही जागांना वैधानिक आदेशाचे बळ असते, तर काही निव्वळ विनंतीवजा असून शेजाऱ्यांच्या सौजन्यावर टिकतात. अशी जागा सर्वसाधारणपणे अर्जदाराच्या खासगी मालकीची होत नाही. कोणताही बिल्लाधारक तिचा वापर करू शकतो. ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये वरकरणी न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचाही या योजनेत विचार होऊ लागला.

नागरी शिष्टाचार

प्रत्येक गल्लीत पोलीस नेमणे शक्य नसल्याने या व्यवस्थेचे यश बव्हंशी नागरिकांच्या वर्तनावर अवलंबून असते. पुढील संकेत त्या दृष्टीने उपयुक्त ठरतील :

१. राखीव जागेत ‘दोनच मिनिटे’ म्हणूनही वाहन थांबवू नये. दिव्यांग व्यक्ती नेमकी त्याच वेळी येऊ शकते आणि तिला दुसरा पर्याय नसतो.

२. तिरप्या पट्ट्यांवर दुचाकी, तसेच पदपथाच्या उतरणीसमोर कोणतेही वाहन उभे करू नये.

३. दिव्यांग व्यक्ती सोबत नसताना कुटुंबीयांनी तिच्या सवलतीचा लाभ घेऊ नये.

४. चालता येणाऱ्या व्यक्तीने राखीव जागा वापरली म्हणून तिची उलटतपासणी करू नये. हृदयविकार, बहुविध काठिण्य किंवा तीव्र संधिवात बाहेरून दिसत नाही. शंका असल्यास पडताळणी यंत्रणेवर सोपवावी.

५. मदत करण्यापूर्वी विचारावे. परवानगीवाचून व्हीलचेअरला हात लावणे हा अवमान ठरतो.

६. दिव्यांग रहिवाशानेही सार्वजनिक रस्त्यावरील राखीव जागा सर्व पात्र व्यक्तींसाठी आहे, हे ध्यानी ठेवावे.

पुढील दिशा

सक्तीच्या मानकांत निवासी रस्त्यांचा स्पष्ट समावेश, दिव्यांगत्वाच्या वैश्विक ओळखपत्राशी जोडलेला व देशभर ग्राह्य असा वाहनबिल्ला आणि प्रभाग स्तरावर अर्ज निकाली काढण्याची निश्चित मुदत, या तीन उपायांनी बरेच काही साध्य होऊ शकेल. कायद्याचे पालन होत नसल्यास राज्य आयुक्तांकडे दाद मागण्याचा मार्ग खुला आहेच. वार्धक्य, अपघात वा आजारपण यांमुळे आज धडधाकट असलेल्या कोणाही नागरिकास उद्या या जागेची गरज भासू शकते. नगरनियोजनात राखून ठेवलेल्या या काही चौरस मीटरांवर एखाद्या विद्यार्थ्याची परीक्षा, कोणाची नोकरी व कोणाचा वेळेवर होणारा औषधोपचार अवलंबून असतो, याचे भान प्रशासन व नागरिक या दोघांनीही बाळगणे आवश्यक आहे.