आजीला न ऐकू येणारी माणसे

सिनेमात पाऊस पडतो, ढोल वाजतो, पण माणसे नुसती तोंडे हलवतात, असे तुमच्या घरी कधी झाले आहे का? आमच्या घरी झाले. माझ्या आजीला डोळ्यांनी फारसे दिसत नाही. ती सिनेमा ऐकते. ती म्हणाली, "बाळा, समदी माणसं मुकी झाली का रं?"

दादाने पुण्याहून जुना अ‍ॅम्प्लिफायर, ५ स्पीकर आणि १ वुफर आणला होता. डीव्हीडी प्लेअर मागाहून आला, तेव्हा दादा परत गेला होता. प्लेअरसोबत तांबड्या-पांढऱ्या पिनांची एकच जोडवायर होती. ती मी पुढच्या दोन भोकांत खोचली. मला वाटले, झाले काम!

पण आवाज सगळ्या बाजूंनी यायला ६ वाटा लागतात. पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा आणि सहावी वाट वुफरची. यालाच ५.१ म्हणतात. वुफर फक्त घुमणारे जाड आवाज काढतो, म्हणून त्याला पुरता एक न मोजता .१ लिहितात. आता गंमत बघा. सिनेमातले बोलणे बहुतेक मधल्या वाटेने येते. माझ्या २ वायरींतून ढोल आला, पाऊस आला, बोलणे मात्र प्लेअरमध्येच अडकून बसले.

यावर उपाय दोन. प्लेअरच्या सेटिंगमध्ये स्पीकर किती ते सांगता येते. आधीच्या मालकाने ६ सांगून ठेवले होते. तिथे २ सांगितले की प्लेअर मधला आवाज दोन्ही बाजूंना वाटून देतो. त्या रात्री मी तेवढेच केले आणि आजीला बोलणे ऐकू आले. दुसरा उपाय म्हणजे सहाही वायरी जोडणे. बाजारातून आणखी दोन जोडवायरी आणल्या. प्लेअरवरच्या नावाची पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या त्याच नावाच्या भोकात घालायची. रंगावर जायचे नाही, नाव वाचायचे. मग प्लेअरला परत ६ सांगायचे आणि अ‍ॅम्प्लिफायरवरही ६ वाटांचे बटण निवडायचे. हे मी विसरलो होतो, म्हणून अर्धा तास फुकट गेला.

काही नव्या यंत्रांत हे सगळे एकाच वायरीतून जाते. काचेसारख्या एका वायरीतून तर तांबडा उजेड जातो आणि त्या उजेडातच आवाज असतो! पण तो उलगडणारा अ‍ॅम्प्लिफायर पाहिजे. आमचा तसला नाही.

स्पीकरच्या वायरीला अधिक आणि उणे अशी दोन टोके असतात. अधिक अधिकला, उणे उणेला. आमचा एक स्पीकर उलटा जोडला गेला होता. आवाज येत होता, पण ढोल पोकळ वाटे. कारण एका स्पीकरचा पडदा बाहेर येई, तेव्हा दुसऱ्याचा आत जाई. दोघे एकमेकांचे काम मोडत होते. तांब्याची एक तार जरी सुटून शेजारच्या टोकाला लागली तरी अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो, म्हणून तारा पिळून घट्ट बसवायच्या. हे करताना प्लग भिंतीतून काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही. आणि मोठे माणूस जवळ पाहिजे. माझ्याजवळ आई उभी होती.

मधला स्पीकर टीव्हीखाली ठेवला. मागचे दोन भिंतीला, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर. वुफर कोपऱ्यात चालतो, कारण जाड आवाज कुठून आला ते कानाला नीट कळत नाही. बारीक आवाज मात्र लगेच कळतो. डोळे बांधून कुणाला तरी टिचकी वाजवायला सांगा! जवळच्या कानात आवाज आधी पोचतो, त्यावरून दिशा समजते.

आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. आजीची खाट मागच्या भिंतीशी आहे, म्हणून मागचा आवाज तिच्याकडे आधी पोचे आणि मोठाही वाटे. मग मी अंतरे मोजून प्लेअरला सांगितली आणि मागचे दोन स्पीकर बारीक केले.

परवा सिनेमात मागून बैलगाडी आली. आजी म्हणाली, "अरे, दारात कोण आलंय बघ." मी उठून बघूनही आलो. मागच्या स्पीकरची वायर अजून उंबऱ्यावरून जाते. आजीचा पाय अडकायच्या आत रविवारी ती वरून न्यायची आहे.