उथळ पाण्यासाठी होडी : तळाची निवड

उन्हाळ्यात भीमेवरील उजनी जलाशयाचे पाणी ओसरते व किनाऱ्यालगत उथळ होते. तेथे मासेमारीसाठी सपाट तळाची लहान ॲल्युमिनियमची होडी सोयीची ठरते. हा धातू समान आकारमानाच्या पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा असल्याने होडी थोड्या पाण्यातही तरंगते. उभे राहून जाळे टाकताना ती फारशी डोलत नाही. मात्र वारा सुटताच सपाट तळावर लाटांचे तडाखे बसतात. ‘व्ही’ आकाराचा तळ लाटा कापतो. परंतु त्यास अधिक खोली लागते.

मे २०२४ मध्ये याच जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच सपाट होडी किनाऱ्यालगतच वापरावी, तिच्या बाजू पुरेशा उंच असाव्यात आणि प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे, याकडे मच्छीमार सहकारी संस्थांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.